तिजोरीत खडखडाट असताना शहरातली गुन्हेगारी रोखायची कशी?

शहराची तिजोरी रिकामी झाली की गुन्हे वाढतात, आणि त्याला फक्त लोकांची गरिबी कारणीभूत नसते. दिवे दुरुस्त करणारी माणसं कमी केली जातात, घरं ओस पडतात, नियंत्रण कक्षातला फोन वाजत राहतो, तपास अधिकाऱ्यांकडे प्रकरणं साचत जातात. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरानं १८ जुलै २०१३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा शहरावर सुमारे १८ अब्ज डॉलरचं कर्ज होतं, रस्त्यांवरचे सुमारे ४० टक्के दिवे बंद होते आणि सुमारे ७८ हजार इमारती ओसाड पडल्या होत्या. तातडीच्या फोननंतर पोलीस पोहोचायला सरासरी ५८ मिनिटं लागतात, असं त्या वेळच्या सरकारी कागदपत्रांत नोंदलेलं आहे.

अशा शहराला ‘पोलीस भरती वाढवा’ हा सल्ला देऊन काही उपयोग नाही. पण गुन्हे शहरभर सारखे पसरलेले नसतात. म्हणून उपायही सारखे वाटायचे नाहीत. मोजके कोपरे, मोजके तास, मोजकी घरं आणि मोजकी माणसं हुडकायची आणि हाताशी जे थोडंफार आहे ते तिथंच लावायचं. अडचण येते ती राजकीय. प्रत्येक प्रभागाला आपला वाटा हवा असतो, आणि सगळ्यांना थोडं थोडं दिलं की कुठंच पुरेसं होत नाही. तेव्हा कामाला लागण्याआधी पालिकेचे प्रमुख, पोलीस प्रमुख आणि नगरसेवक यांच्यात एवढं एकमत लेखी करून घ्या: जागा आकड्यांवरून ठरतील, आणि त्या निदान सहा महिने बदलणार नाहीत.

पहिली पायरी: कात्री कुठं लावायची नाही ते ठरवा

न्यू जर्सी राज्यातल्या कॅमडेन शहरानं जानेवारी २०११ मध्ये पैशाअभावी जवळपास निम्मे पोलीस कमी केले. २०१२ मध्ये तिथं ६७ खून झाले. शहराच्या इतिहासातला तो उच्चांक होता. एकट्या कपातीमुळे हे घडलं असं म्हणता येणार नाही, पण एवढ्या घाईनं कापलेलं दल लगेच सावरत नाही, हे मात्र खरं.

कपात अटळच असेल तर तीन कामांना हात लावू नका. नियंत्रण कक्षात फोन घेणारे, गुन्ह्यांच्या नोंदी संगणकावर भरणारे आणि दिव्यांची दुरुस्ती करणारे. ही माणसं गणवेशात दिसत नाहीत म्हणून त्यांच्यावर आधी गदा येते. मग तेच काम गणवेशातला पोलीस करू लागतो आणि तेवढे तास गस्तीतून वजा होतात. गाड्या, नवे फलक, संगणकाच्या महागड्या प्रणाली हे सगळं खुशाल पुढं ढकला.

दुसरी पायरी: नोंदी साफ करा, मगच नकाशा काढा

गेल्या १२ महिन्यांच्या, जमलं तर २४ महिन्यांच्या, नोंदी एका साध्या तक्त्यात घ्या. रकाने सहाच पुरेत: गुन्ह्याचा प्रकार, तारीख, घटना केव्हापासून केव्हापर्यंत घडली असू शकते, नेमका पत्ता, जागेचा प्रकार (घर, दुकान, बसथांबा, वाहनतळ), आणि पीडित व्यक्ती किंवा घर याआधीही गुन्ह्याला बळी पडलं होतं का.

इथंच बहुतेकांची गफलत होते. सगळ्यात हमखास चूक म्हणजे पत्त्याच्या जागी पोलीस ठाण्याचा पत्ता भरलेला असणं. फिर्यादी ठाण्यात आला, कारकुनानं तिथलाच पत्ता टाकला, आणि नकाशावर सगळ्यात धोकादायक जागा म्हणून पोलीस ठाणंच उमटलं. रुग्णालयांच्या पत्त्यांचंही असंच होतं. जखमी माणूस तिथं पोहोचलेला असतो, मारहाण भलतीकडंच झालेली असते. एकाच पत्त्यावर संशयास्पद गर्दी दिसली तर त्यातल्या वीस नोंदी उघडून मूळ मजकूर वाचा. शंभरातले निदान ८५ पत्ते नकाशावर नेमके बसायला हवेत. त्याहून कमी बसत असतील, तर त्या नकाशावरून कोणताही निर्णय घेऊ नका.

वेळेची नोंदही अशीच फसवते. घर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ बंद होतं आणि आल्यावर घरफोडी लक्षात आली, तर कारकून ‘संध्याकाळी ५’ लिहितो. मग सगळ्या घरफोड्या संध्याकाळी झालेल्या दिसतात आणि गस्तही संध्याकाळी लागते. यावर सोपा उपाय आहे. त्या एका घटनेचे आठ समान भाग करा आणि आठही तासांना एक-अष्टमांश द्या. शंभरेक घटनांची अशी बेरीज केली की खरा काळ वर येतो, आणि घरफोड्यांच्या बाबतीत तो बहुधा भरदिवसाचा निघतो.

नकाशा काढताना प्रभाग किंवा वस्ती हे एकक धरू नका. एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा रस्त्याचा तुकडा धरा. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात पोलिसांना आलेल्या फोनांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आलेले आढळले. बदनाम वस्तीतल्याही बहुतेक गल्ल्या शांत असतात. प्रभागनिहाय बेरीज केली की त्या शांत गल्ल्यांवर डाग लागतो आणि खरी जागा झाकली जाते.

पोलिसांच्या नोंदींतून सुटणारे गुन्हे रुग्णालयात सापडतात. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकांच्या लक्षात आलं की मारहाणीत जखमी होऊन आलेल्या कितीतरी लोकांची पोलिसांकडे नोंदच नसते. तिथं अपघात विभागाच्या नोंदणी खिडकीवर थोडेच प्रश्न विचारायला सुरुवात झाली: मारहाण नेमकी कुठं झाली, केव्हा झाली, शस्त्र कोणतं होतं. नाव-गाव काढून टाकलेली ही माहिती पालिका आणि पोलिसांना नियमित दिली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांच्या मानानं हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळलं. याला लागतं काय? नोंदणी करणाऱ्याची दोन मिनिटं आणि महिन्याला एक तक्ता. ‘कुठं’ या प्रश्नाचं उत्तर मात्र नेमकं घ्यावं लागतं. ‘बाजारात’ असं लिहून काहीच कळत नाही. कोणत्या दारूच्या दुकानासमोर, कोणत्या थांब्यावर, हे हवं. रुग्णाचं नाव पोलिसांकडे जाणार नाही ही खात्री आधी लेखी द्या, नाहीतर डॉक्टर साथ देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

तिसरी पायरी: त्या जागी जाऊन उभं राहा

नकाशावर वरच्या १५ ते २० जागा निघाल्या की प्रत्येक जागी दोनदा जा. एकदा दिवसा आणि एकदा ज्या तासाला गुन्हे होतात त्या तासाला. सोबत पोलीस, दिवे विभागाचा माणूस, तिथंच राहणारी किंवा दुकान चालवणारी एक व्यक्ती, असे तिघं-चौघं पुरेत. अर्धा तास थांबा आणि लिहा: इथं कोण येतं, कशासाठी येतं, कोणावर डोळा ठेवला जातो, ते कोणाला दिसत असतं, आणि पळून जायला वाट कुठून आहे.

एक नमुना पाहा. बसथांब्याजवळ रात्री ८ ते ११ या वेळात पाकिटं आणि फोन हिसकावले जातात. दिव्याचा खांब आहे, दिवा चालूही आहे, पण झाडाच्या फांद्या त्याच्या खाली वाढल्यात. उजेड फांद्यांवर पडतो आणि थांब्यावर अंधार. थांब्यामागचं दुकान बंद पडलंय, त्यामुळे पूर्वी जो दुकानदार बघत असे तो आता नाही. बाजूच्या रिकाम्या भूखंडाच्या कुंपणाला भगदाड आहे आणि तिथून मागच्या रस्त्याला निघता येतं. या जागेला जादा पोलिसांची गरजच नाही. फांद्या छाटायच्या, कुंपणाचं भगदाड बुजवायचं आणि थांबा चाळीस पावलं पुढं, उघड्या असलेल्या दुकानासमोर न्यायचा. ठाण्यात बसून यातलं काही दिसलं नसतं.

चौथी पायरी: गस्त पंधरा मिनिटांची, पण पायी

गाडीतून शहरभर फिरत राहण्याची गस्त गुन्हे कमी करत नाही. कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये हे तपासलं गेलं. काही भागांत गस्त वाढवली, काहींत काढूनच घेतली, तरी गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट मोजक्या जागी जाऊन थांबण्याचा फायदा अनेक ठिकाणी दिसला आहे. एका जागी पोलीस १० ते १५ मिनिटं थांबला तर तो गेल्यानंतरही काही काळ ती जागा शांत राहते. त्याहून जास्त थांबल्यानं त्या प्रमाणात फायदा वाढत नाही. सॅक्रामेंटो शहरात २०११ मध्ये ९० दिवस हीच पद्धत वापरली: ठरावीक जागा, प्रत्येकी सुमारे पंधरा मिनिटं, आणि क्रम रोज वेगळा. त्या जागांवरचे गंभीर गुन्हे आणि फोन दोन्ही कमी झाले.

हिशेब असा बसतो. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. हजेरी, जेवण आणि लिखापढी यांत १०० मिनिटं जातात. उरलेल्यातली निम्मी फोनवर आलेल्या तक्रारींना लागतात. हातात १९० मिनिटं राहतात. एका भेटीला १५ मिनिटं आणि जाण्यायेण्याला ५, म्हणजे नऊ भेटी. त्यातली एक बुडणार असं धरून चला. तेव्हा एका जोडीला चार जागा द्या, प्रत्येक जागी पाळीत दोनदा. सहा जागा दिल्या तर पहिल्या आठवड्यात उत्साहानं होतील, तिसऱ्या आठवड्यात नुसत्या कागदावर.

गाडी जागेवर लावली तरी पोलिसानं खाली उतरायलाच हवं. काचा वर करून फोन बघत बसलेला पोलीस असून नसून सारखा. चालावं, दुकानदाराशी बोलावं, जिने आणि आडोसे बघावेत. आणि या भेटींचं यश ‘किती जणांची झडती घेतली’ यावर कधीही मोजू नका. तो आकडा मागितला की तो वाढतो, निरपराध पोरं रोज भिंतीला उभी केली जातात आणि उद्या साक्ष द्यायला कोणी पुढं येत नाही. भेट झाली की नाही आणि तिथं काय दिसलं, एवढंच नोंदवा.

‘गुन्हे बाजूच्या गल्लीत सरकतील’ ही शंका प्रत्येक बैठकीत निघते. थोडे सरकतात, पण धाक घातलेल्या जागेच्या आसपासचा भागही पुष्कळदा शांत होतो. जर्सी सिटीतल्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. तरीही शेजारच्या दोन-दोन रस्त्यांचे आकडे वेगळे ठेवा, म्हणजे वाद अंदाजावर चालणार नाही.

पाचवी पायरी: दिवे

न्यू यॉर्कमध्ये २०१६ साली सार्वजनिक गृहसंकुलांतून चिठ्ठ्या टाकून काही निवडली आणि तिथं तात्पुरते प्रखर दिवे लावले. त्या संकुलांत रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. कंगाल शहरानं नवे खांब उभारण्याआधी आहेत ते दिवे पेटवावेत. प्रत्येक खांबावर क्रमांक रंगवा, त्याच क्रमांकावर तक्रार घ्या, आणि दुरुस्तीचा क्रम ‘ज्याची तक्रार आधी’ असा न ठेवता दुसऱ्या पायरीतल्या जागांनुसार लावा. सुखवस्तू भागातले लोक जास्त तक्रारी करतात, त्यामुळे तक्रारीच्या क्रमानं गेलात तर उजेड तिकडंच जातो.

दिवा का बंद पडला ते पाहिल्याशिवाय नुसता बल्ब बदलू नका. गरीब शहरात पुष्कळदा तारच चोरीला गेलेली असते, कारण तांब्याला भंगारात भाव आहे. डेट्रॉइटनं २०१६ च्या अखेरीपर्यंत सुमारे ६५ हजार नवे एलईडी दिवे बसवले, तेव्हा तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार वापरली. खांबाच्या बुडाशी असलेलं झाकण साध्या पान्यानं उघडणारं असेल तर ते विशेष आकाराच्या बोल्टनं बंद करा किंवा जोडणी वरच्या बाजूला घ्या. उजेड डोळ्यांवर येणार नाही एवढंही बघा. समोरून येणाऱ्याचा चेहरा दहा-पंधरा पावलांवरून ओळखू येत नसेल, तर दिवा कितीही प्रखर असला तरी चुकीचा लागलाय.

कॅमेऱ्यांबद्दल इथंच सांगायला हवं, कारण विक्रेते त्याच दारानं येतात. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एक आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेरे लावलेल्या जागी सरासरी १३ टक्के घट दिसली. सगळ्यात जास्त परिणाम वाहनतळांवर होता, आणि कोणी बघत नसलेल्या कॅमेऱ्यांचा जवळपास नव्हताच. पडद्यासमोर बसवायला माणूस आणि दुरुस्तीला दरवर्षी पैसा नसेल तर कॅमेरे घेऊ नका.

सहावी पायरी: ओसाड भूखंड आणि बंद घरं

पोलिसांना न वापरता हिंसा कमी करण्याचा इतका स्वस्त आणि इतक्या काटेकोरपणे तपासलेला दुसरा उपाय क्वचितच सापडेल. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंड निवडून, त्यातले काही चिठ्ठ्या टाकून साफ केले आणि काही तसेच ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत साफ केलेल्या भूखंडांभोवती बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली.

कृती अशी: सगळा कचरा, टायर, दगडविटा उचला. जमीन समतल करा. गवत पेरा आणि थोडीच झाडं लावा, तीही अशी की खोडाच्या पातळीवर आरपार दिसेल. भोवती गुडघ्या-मांडीएवढं बुटकं लाकडी कुंपण घाला आणि त्यात माणसांना आत यायला वाट ठेवा. हे कुंपण लोकांना अडवायला नाही. गाडी आत घालून कचरा ओतता येऊ नये आणि जागेला वाली आहे हे दिसावं म्हणून ते आहे. उंच जाळीचं कुंपण घातलंत तर कचरा आत अडकतो, गवत माजतं, आणि शस्त्र किंवा माल दडवायला आयती जागा होते. त्यानंतर गवताच्या हंगामात महिन्यातून निदान एकदा, जमल्यास दोनदा, कापणी आणि झाडलोट करा. हे काम त्याच वस्तीतल्या माणसांना मजुरीनं द्या.

बिघडतं ते देखभालीत. उद्घाटनाला फोटो निघतात, तिसऱ्या महिन्यात गवत कमरेएवढं होतं. म्हणून पन्नास भूखंड एकदा साफ करण्यापेक्षा वीस भूखंड तीन वर्षं सांभाळा, आणि देखभालीचा पैसा पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा.

बंद घरांना प्लायवूडच्या फळ्या ठोकणं ही सवय सोडायला हवी. फळी लांबूनच सांगते की आत कोणी नाही. शिवाय आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. फिलाडेल्फियानं २०११ पासून रिकाम्या इमारतींच्या मालकांना खरी दारं-खिडक्या बसवणं बंधनकारक केलं. जिथं मालकांनी ते पाळलं त्या इमारतींभोवती हल्ल्यांचं प्रमाण घटल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. तुमच्याकडे असा नियम नसेल तर तो करायला कागद आणि ठराव एवढंच लागतं. मालक शोधण्यासाठी मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि खरेदीखत अशा तिन्ही नोंदी ताडून पाहा. घर रिकामं झाल्याबरोबर पाणी आणि वीज तोडा, नळ रिकामे करा. एकदा पाइप चोरीला गेले की घर पुन्हा राहण्याजोगं करणं परवडत नाही आणि ते कायमचं गळ्यात पडतं. पाडकाम हा शेवटचा आणि महाग उपाय आहे. पाडल्यावर जो भूखंड उरतो त्याची वरचीच कृती त्याच आठवड्यात सुरू करा.

सातवी पायरी: चोरी झालेल्या घरी परत चोरी होऊ देऊ नका

ज्या घरात आज घरफोडी झाली, तिथं पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा होण्याची शक्यता शेजारच्या कोणत्याही घरापेक्षा जास्त असते. चोराला वाट ठाऊक झालेली असते, तुटलेलं दार तसंच असतं, आणि राहिलेला माल त्यानं पाहिलेला असतो. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या किर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात हे ओळखून काम झालं. तिथल्या घरांत नाणी टाकून चालणारे गॅस आणि विजेचे मीटर होते आणि चोर त्यातली रोकडच पळवत. बळी पडलेल्या घरांचे मीटर काढले, दारं पक्की केली, आणि भोवतीच्या सहा-एक घरांना लक्ष ठेवायला सांगितलं. पाच महिन्यांत घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या.

तुमची कृती घड्याळावर चालली पाहिजे. तक्रार आल्यापासून २४ तासांत एक सुतार किंवा प्रशिक्षित स्वयंसेवक त्या घरी पोहोचला पाहिजे, आणि ४८ तासांत शेजारच्या सहा घरांशी बोलणं झालं पाहिजे. पंधरवड्यानं पाठवलेलं माहितीपत्रक निरुपयोगी.

सुताराच्या पिशवीत काय हवं? कुलपापेक्षा आधी चौकट बघा. लाथ मारून उघडलेल्या दाराचं कुलूप बहुधा शाबूत असतं. फाटते ती कुलपाची जीभ ज्यात शिरते ती चौकटीवरची पट्टी. ती पट्टी अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूंवर लटकत असते आणि ते स्क्रू चौकटीच्या वरवरच्या लाकडातच शिरलेले असतात. तिथं जाड, लांब पट्टी घाला आणि ७५ मिलिमीटरचे स्क्रू चौकटीतून आरपार मागच्या भक्कम लाकडात न्या. भिंत विटांची असेल तर त्याच लांबीचे खुंटीचे स्क्रू वापरा. बिजागऱ्यांच्या बाजूलाही प्रत्येकीत एक लांब स्क्रू घाला, नाहीतर दार उलट्या बाजूनं निघतं. सरकत्या खिडकीच्या खाचेत मापानं कापलेली काठी बसवा. या सगळ्याला तासभर लागतो आणि साहित्य चिल्लर पैशांचं असतं. एक खबरदारी: आतून किल्लीशिवाय न उघडणारं कुलूप एकुलत्या एका दाराला लावू नका, आग लागली तर माणसं आत अडकतील.

घरगुती मारहाणीच्या तक्रारींनाही पुनरावृत्तीचा हाच नियम लागू आहे, पण तिथं शेजाऱ्यांना सांगणं जिवावर बेतू शकतं. ते काम प्रशिक्षित समुपदेशकाकडेच द्या.

आठवी पायरी: हिंसेच्या केंद्रात असलेली थोडी माणसं

गोळीबार आणि सूडाच्या खुनांत शहरातली अगदी थोडी माणसं गुंतलेली असतात. आज मारणारा उद्या मार खाणारा असतो. बॉस्टन शहरानं १९९६ मध्ये अशा टोळ्यांतल्या तरुणांना समोर बसवून दोन गोष्टी सांगायला सुरुवात केली: गोळी चालली तर तुमच्या सगळ्या गटावर कारवाई होईल, आणि बाहेर पडायचं असेल तर मदत इथंच, याच खोलीत आहे. तरुणांचे खून झपाट्यानं घटले. २००० च्या सुमारास हे काम थंडावलं आणि खून पुन्हा वाढले.

दर आठवड्याला तासभर बैठक घ्या. गेल्या सात दिवसांतली प्रत्येक गोळीबाराची घटना, कोणाचं कोणाशी वैर, पुढं कोण धोक्यात, एवढाच विषय. यादी वर्तनावरून करा. वस्ती, नातं किंवा मित्रमंडळी यांवरून नको. आणि दर तीन महिन्यांनी नावं काढूनही टाका. बोलणाऱ्यांत तिघं हवेत: पोलीस, मदत देणारी संस्था, आणि ज्यांचा मान ती पोरं ठेवतात असं वस्तीतलं कोणी, बहुधा मूल गमावलेली आई. सगळं कोसळतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. पोरगा फोन करतो आणि पलीकडे उचलायला कोणी नसतं. तेव्हा आधी पाच नोकऱ्या, राहायला दोन सुरक्षित जागा आणि रात्रंदिवस चालणारा एक फोन तयार ठेवा, मगच बैठक बोलवा.

त्याहून लहान मुलांसाठी सुट्टीतलं काम हा उत्तम उपाय आहे. शिकागोत २०१२ मध्ये जास्त हिंसा असलेल्या भागांतल्या शाळांमधली १,६३४ मुलं घेऊन, चिठ्ठ्या टाकून काहींना आठ आठवड्यांचं अर्धवेळ पगारी काम दिलं. पुढच्या १६ महिन्यांत त्यांना हिंसक गुन्ह्यांत झालेल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी होत्या, आणि ही घट मुख्यतः काम संपल्यानंतरची होती. साधारण दहा मुलांमागे एक प्रौढ मार्गदर्शक द्या आणि पगार ठरल्या दिवशी द्या. पहिलाच पगार लांबला तर निम्मी मुलं गळतात. मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रम मात्र अजिबात करू नका. त्यांनी गुन्हे कमी होण्याऐवजी वाढतात, हे वारंवार सिद्ध झालं आहे.

दंडातून तिजोरी भरू नका

पैशाची चणचण असलेल्या पालिकेला हा मोह होतोच. अमेरिकेच्या न्याय खात्यानं मार्च २०१५ मध्ये फर्ग्युसन शहराबद्दल अहवाल दिला. तिथं पोलीस आणि न्यायालय दोन्ही महसूल गोळा करण्याच्या दडपणाखाली चालत होते. किरकोळ दंड, तो चुकला म्हणून आणखी दंड, मग वॉरंट. अशा शहरात साक्षीदार पोलिसांपासून लांब राहतो, कारण त्याच्याच नावावर वॉरंट असतं. दंडाची रक्कम पोलीस खात्याच्या अंदाजपत्रकाशी जोडू नका. हप्ते द्या. आणि सुनावणीची आठवण फोनवर पाठवा. न्यू यॉर्कमधल्या प्रयोगात सगळ्यात परिणामकारक ठरलेल्या संदेशांमुळे गैरहजेरी २६ टक्क्यांनी घटली. एक वॉरंट काढून माणूस शोधण्यापेक्षा हजार संदेश स्वस्त पडतात.

मोजमाप

सुरुवातीच्या यादीतल्या सगळ्या जागी एकदम काम सुरू करू नका. वीस जागा असतील तर चिठ्ठ्या टाकून दहा आधी घ्या, दहा सहा महिन्यांनी. पैसा तसाही एकदम सगळीकडे पुरणार नाही, आणि तुलनेला दहा जागा आपोआप मिळतात. ‘मागच्या महिन्यापेक्षा कमी’ ही तुलना फसवी असते. सगळ्यात वाईट महिन्यानंतरचा महिना काही न करताही बरा येतो. मागच्या वर्षीच्या त्याच २६ आठवड्यांशी ताडा आणि सगळ्या जागांची बेरीज घ्या. एका जागी चाराचे दोन झाले याला फार अर्थ नाही.

तक्रारी वाढल्या तर घाबरू नका. लोकांचा विश्वास बसला की पूर्वी न सांगितलेले गुन्हे नोंदवले जातात. म्हणून पोलिसांच्या आकड्यांसोबत रुग्णालयाचे आकडे ठेवा. तिथं जखमी घटले आणि ठाण्यात तक्रारी वाढल्या, तर काम बरोबर चाललंय. दोन्ही वाढले तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर, त्या जागी जाऊन उभं राहायचं. एखादी जागा सहा महिने शांत राहिली की तिथली गस्त काढून प्रतीक्षेतल्या पुढच्या जागेला द्या. तिथला दिवा आणि भूखंड मात्र देखभालीच्या यादीत कायम ठेवा, आणि पुढच्या तिमाहीत तिचे आकडे पुन्हा एकदा तपासा.